आठवी ते दहावीच्या मुलांना अवांतर वाचनाची गोडी कशी लावावी

मी हायस्कूलला मराठी शिकवते. दर 15 ऑक्टोबरला, वाचन प्रेरणा दिनी, मोबाइलला नावं ठेवणारी भाषणं ऐकते. भाषण ऐकून पुस्तक उघडलेलं मूल मला अजून भेटलेलं नाही. करायचं ते असं.

पुस्तकं कपाटातून काढा आणि 30-40 पुस्तकं वर्गातल्या टेबलावर मुखपृष्ठं दिसतील अशी मांडा. काही फाटतील, एखाददुसरं हरवेल. मुख्याध्यापकांशी हे आधीच बोलून ठेवा.

आठवड्याचा एक तास पक्का करा. सुरुवातीची सात-आठ मिनिटं तुम्ही मोठ्यानं वाचा, आणि मुलं पुढं सरसावून बसली की थांबा. ‘बनगरवाडी’तला कोवळा मास्तर नेमणुकीच्या गावी निघतो, तेवढं मी वाचते आणि पुस्तक टेबलावर ठेवते. उरलेला तास सगळ्यांनी मनात वाचायचं. तुम्हीसुद्धा. त्या वेळात वह्या तपासायला घेऊ नका.

पुस्तकं निवडताना मुलांचं वय बघा. मिलिंद बोकील यांची ‘शाळा’ ही आणीबाणीच्या काळातल्या नववीच्या मुलाची गोष्ट. तिच्यात प्रेम आहे, मुलांच्या तोंडची रांगडी भाषा आहे, म्हणून पुष्कळ शिक्षक कचरतात. मी बेधडक देते. विज्ञानाचा ओढा असेल त्याला जयंत नारळीकरांच्या कथा द्या. पहिल्याच खेपेला जाडजूड चरित्र मात्र कुणाच्याही गळ्यात मारू नका.

आता अवघड भाग. मूल पुस्तक परत आणतं, तेव्हा काय करायचं? इथं माझी तीन वर्षं वाया गेली. मी प्रत्येकाला वाचनवही करायला लावली होती: पुस्तकाचं नाव, लेखक, सारांश, आवडलेलं पात्र, मिळालेला बोध. वह्या भरायच्या, मलाही बरं वाटायचं. मग एकदा त्या नीट वाचल्या. बहुतेक सारांश मलपृष्ठावरून उतरवलेले, बोध शेजाऱ्याच्या वहीतून. पण मला लागलं ते वेगळंच. सातवीत मधल्या सुट्टीतही पुस्तक खाली न ठेवणाऱ्या एका मुलीनं नववीत पुस्तक नेणंच बंद केलं. कारण विचारलं तर म्हणाली, “बाई, वाचताना सारखं डोक्यात येतं, वहीत काय लिहू?” त्या आठवड्यात मी वह्या बंद केल्या.

म्हणून कळकळीनं सांगते: सारांश नको, बोध नको, गुण नकोत. सर्वाधिक पुस्तकं वाचणाऱ्याला बक्षीसही नको, कारण मग मुलं सगळ्यात पातळ पुस्तक शोधतात. “आवडलं का?” हेसुद्धा विचारू नका. मूल “हो” म्हणतं आणि बोलणं तिथंच संपतं. त्यापेक्षा तुमचं मत सांगा, “मला तो शेवट पटला नव्हता,” आणि गप्प राहा. एखादं मूल उसळून म्हणेल, “नाही बाई, तसंच व्हायला हवं होतं!” मग भांडा खुशाल. आणि काहीच बोललं नाही, तर पुढचं पुस्तक नेऊ द्या.

हे गप्प राहणं फार जड जातं, कारण दाखवायला हाती काही उरत नाही. वरून विचारणा झाली की मी देवघेवीची वही पुढं करते: नाव, पुस्तक, तारीख. तेवढी नोंद पुरते.

पुस्तक अर्धवट सोडायची मुभाही मोठ्यानं जाहीर करा. 20 पानांत मन रमलं नाही तर बदलून न्यायचं, कारण सांगायचं नाही. मुलांचा यावर आधी विश्वास बसत नाही. एखाद्यानं खरंच बदलून नेलं आणि तुम्ही काही बोलला नाहीत, की बसतो.

मोबाइल सुटत नसेल तर त्यावरच वाचू द्या. 1971 पासून निघणाऱ्या ‘किशोर’चे जुने अंक बालभारतीनं ऑनलाइन मोफत ठेवलेले आहेत.

दहावीला वाचनाचा तास मिळत नाही. त्या वर्गाला दिवाळीच्या सुट्टीआधी टेबल रिकामं होईपर्यंत पुस्तकं वाटा आणि शाळा उघडल्यावर निदान आठवडाभर ती परत मागू नका.