लोकलमध्ये ब्रोटॅटो, घरी व्हँपायर सर्व्हायव्हर्स

ठाणे-वाशी लोकलला साधारण अर्धा तास लागतो. व्हँपायर सर्व्हायव्हर्स या व्हिडिओ गेमची बहुतेक मैदानं पूर्ण 30 मिनिटांची, त्यामुळे या प्रवासात ब्रोटॅटो हा गेमच बरा. त्यात शत्रूंच्या 20 लाटा, पहिली 20 सेकंदांची. प्रत्येक लाटेनंतर दुकान उघडतं, म्हणजे उतरायचं स्टेशन आलं की थांबता येतं. दुकानात एकाच दर्जाची दोन सारखी शस्त्रं जोडली की वरच्या दर्जाचं एक मिळतं. शस्त्रांच्या सहाही जागा वेगवेगळ्या शस्त्रांनी भरल्यात तर दुकानात त्यातलंच, त्याच दर्जाचं शस्त्र मिळालं तरच जोडणी होते; ते मिळालं नाही तर शेवटच्या लाटा अंगावर येतात.

व्हँपायरमध्ये चाबूक हे शस्त्र आठव्या लेव्हलला नेलं तरी सोबत ‘हॉलो हार्ट’ ही वस्तू नसेल तर ते पुढचं रूप घेत नाही. दोन्ही जमवा, 10 मिनिटं उलटल्यावर येणारा बॉस मारा आणि त्याची पेटी लगेच उचला.