लघुपट परदेशी वाहिनीवर पाठवताय? या चुका टाळा

ऑस्ट्रेलियातल्या एसबीएस वाहिनीवर १९८९ ते २००५ या काळात ‘ईट कार्पेट’ नावाचा कार्यक्रम रात्री उशिरा लागायचा. जगभरातले प्रयोगशील आणि स्वतंत्र लघुपट त्यात ओळीने दाखवले जायचे. फ्रान्स आणि जर्मनीच्या आर्ते वाहिनीवर ‘कूर-सिर्क्वी’ हा कार्यक्रम हेच काम बरीच वर्षं करत आला आहे. जर्मन प्रेक्षक त्याला ‘कुर्त्सश्लुस’ म्हणून ओळखतात. अशा कार्यक्रमात आपली फिल्म लागावी असं पुण्यात, कोल्हापुरात, पणजीत शॉर्टफिल्म करणाऱ्या कितीतरी मुलामुलींना वाटतं, आणि वाटायलाच हवं. महोत्सवात फिल्म पाहायला येणारा माणूस मुळात लघुपटांचाच असतो. टीव्हीवर ती झोप न लागलेल्या, चॅनेल बदलता बदलता थांबलेल्या माणसापर्यंत जाते. शिवाय वाहिनी पैसे देते, जे बहुतेक महोत्सव देत नाहीत.

पण निवड झाली म्हणजे फिल्म लागली असं होत नाही. निवडीनंतर करार होतो, हक्कांची कागदपत्रं मागतात, मग मास्टर, म्हणजे फिल्मची अंतिम, पूर्ण दर्जाची प्रत, तांत्रिक तपासणीला जातो. चांगल्या फिल्म्स इथे अडकतात, किंवा त्याहून वाईट म्हणजे, भलत्याच रूपात प्रसारित होतात. यातल्या बहुतेक चुका शूटिंगच्या आधीच टाळता येतात.

पोर्टलवर फॉर्म भरला की झालं, असं समजणं

महोत्सवाला तुम्ही प्रवेशिका पाठवता. वाहिनी मात्र फिल्म विकत घेते, म्हणजे ठरावीक देशांत, ठरावीक मुदतीत, ठरावीक वेळा दाखवण्याचा परवाना घेते. दर बहुतेकदा मिनिटावर ठरतो. वाहिन्यांचे खरेदीदार फिल्म्स शोधायला महोत्सवांना आणि बाजारांना जातात. त्यातला सर्वांत मोठा बाजार फ्रान्समधल्या क्लेरमों-फेराँ इथे भरतो, लघुपट महोत्सवाच्या जोडीने, जानेवारीअखेर ते फेब्रुवारीच्या सुरुवातीला. जर्मनीतलं ओबरहाउझन १९५४ पासून चालू आहे आणि प्रयोगशील कामाकडे तिथे विशेष लक्ष असतं. वाहिनीच्या सर्वसाधारण पत्त्यावर लिंक टाकून वाट पाहण्यापेक्षा अशा ठिकाणच्या व्हिडिओ लायब्ररीत फिल्म असणं कितीतरी उपयोगाचं.

करार करताना चार गोष्टी आकड्यांत लिहून घ्या: कोणते देश, किती वर्षं, किती प्रसारणं, आणि वाहिनीच्या संकेतस्थळावर किती दिवस. ‘सर्व माध्यमं, जगभर, कायमस्वरूपी’ असं वाक्य एखाद्या वितरकाच्या मसुद्यात दिसलं तर सही करू नका. दहा मिनिटांच्या फिल्मचे आयुष्यभराचे हक्क एका मेलच्या उत्तरात देऊन टाकलेली माणसं आपल्या आसपास आहेत. आणि फिल्म आधीच यूट्यूबवर सगळ्यांसाठी खुली असेल तर वाहिनीला द्यायला तुमच्याकडे फारसं काही उरत नाही. पासवर्ड लावून ठेवा.

मागे वाजणारा रेडिओ

ही चूक फार नेहमीची. सलूनमधला सीन आहे. आरशासमोरच्या फळीवर रेडिओ आहे, त्यावर जुनं गाणं लागलंय. ते पात्राच्या संवादाखाली ४० सेकंद ऐकू येतं. वातावरण सुंदर झालंय. पण त्या ४० सेकंदांत तीन वेगवेगळे हक्क गुंतलेत: कवीचे शब्द, संगीतकाराची चाल, आणि कंपनीचं ध्वनिमुद्रण. ‘महोत्सवात चाललं होतं’ हे उत्तर वाहिनीच्या कायदा विभागाला चालत नाही. महोत्सवापुरता घेतलेला परवानाही प्रसारणाला लागू होत नाही.

भारतात लेखक-कवीचे हक्क त्याच्या मृत्यूच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं राहतात. म्हणजे १९५६ साली गेलेल्या मर्ढेकरांची कविता १ जानेवारी २०१७ पासून भारतात हक्कांतून मोकळी आहे; १९९९ साली गेलेल्या कुसुमाग्रजांची मात्र २०५९ संपेपर्यंत नाही. ध्वनिमुद्रणाचे ६० वर्षं ते प्रकाशित झाल्याच्या पुढच्या वर्षापासून मोजतात. मर्ढेकरांची ओळ मोकळी असली तरी तिला कोणी अलीकडे चाल लावून रेकॉर्ड केली असेल, तर ती चाल आणि ते रेकॉर्डिंग मोकळं नाही. युरोपात लेखकाच्या मृत्यूनंतरची मुदत ७० वर्षांची आहे, म्हणून इथे मोकळं ते तिथेही मोकळं असं गृहीत धरू नका, आधी विचारा.

उपाय साधा आहे. शूटिंगच्या वेळी रेडिओ बंद ठेवा. संवाद स्वच्छ घ्या, आणि रेडिओवरचं गाणं नंतर ओळखीच्या संगीतकाराकडून करून घ्या, त्याची लेखी परवानगी घेऊन. शूट आधीच झालं असेल आणि गाणं संवादाच्याच ट्रॅकवर मुद्रित असेल, तर डबिंगवाचून गत्यंतर नाही.

लुकलुकणारी फ्रेम

प्रयोगशील फिल्म करणाऱ्यांनी सगळ्यांत जास्त लक्ष द्यावं ते इथे. १६ डिसेंबर १९९७ रोजी जपानमध्ये ‘पोकेमॉन’चा एक भाग लागला. त्यात लाल आणि निळा रंग काही सेकंद आलटून पालटून, सेकंदाला सुमारे १२ वेळा, चमकत होता. तो पाहून जवळजवळ ७०० जणांना रुग्णालयात न्यावं लागलं, आणि त्यात बहुतांश मुलं होती. प्रकाशाला संवेदनशील असलेल्या अपस्मारात असा झटका येऊ शकतो, आणि आपल्याला हा त्रास आहे हे पुष्कळांना पहिल्या झटक्यापर्यंत माहीतच नसतं. म्हणूनच ब्रिटन आणि जपानमधल्या वाहिन्या याबाबत अजिबात तडजोड करत नाहीत, आणि त्यांचं बरोबर आहे.

ब्रिटिश नियमांचा गाभा असा: पडद्याच्या पाव भागापेक्षा जास्त जागेत सेकंदाला तीनपेक्षा जास्त वेळा ठळक उजेड-अंधार होता कामा नये. गडद लाल रंगाची उघडझाप त्याहून धोक्याची धरतात. ठळक काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांनी पडदा भरला तर त्यावरही मर्यादा आहे. तपासणीला हार्डिंग टेस्ट म्हणतात. सॉफ्टवेअर फिल्मची फ्रेम न् फ्रेम मोजतं आणि पास किंवा फेल सांगतं.

सुरुवातीला सूचनेची पाटी टाकून हे भागत नाही. टोनी कॉनरॅडने १९६६ साली नुसत्या काळ्या-पांढऱ्या फ्रेम्सची ‘द फ्लिकर’ केली तेव्हा आरंभी वैद्यकीय इशारा दिला होता, आणि प्रेक्षागृहात ते पुरेसं होतं, कारण तिथे माणूस ठरवून आलेला असतो. घरात टीव्ही चालू असतो आणि मूल मध्येच खोलीत येतं. त्याने पाटी पाहिलेलीच नसते.

आपल्याकडे हा दोष दिग्दर्शकाच्या मनात नसतानाही फिल्ममध्ये शिरतो. गणपती विसर्जनाची मिरवणूक शूट करा: एलईडी भिंती, स्ट्रोब, लेझर, लाल प्रकाशात न्हालेला गुलाल, फटाक्यांच्या माळा. त्यावर झपाझप कट्स. प्रत्येक कटमधला उजेडातला फरकही मोजला जातो, हे एडिट करताना लक्षात राहत नाही. जागरण-गोंधळ, लग्नाचा डीजे, वेल्डिंगच्या ठिणग्या यांचंही तेच.

दुरुस्ती करताना सगळा सीन फेकायची गरज नसते. सेकंदाला २५ फ्रेम्सच्या फिल्ममध्ये उजेड-अंधाराच्या एका पूर्ण जोडीला किमान ९ फ्रेम्स दिल्या की वेग तीनच्या आत येतो. तसं करायचं नसेल तर चमक पाव पडद्याच्या आत ठेवा, किंवा त्या शॉट्सचा कॉन्ट्रास्ट उतरवा आणि लाल रंगाचा भडकपणा कमी करा. पुन्हा तपासा, कारण एक जागा सुटली तरी निकाल फेलच येतो. आणि तुमची फिल्म म्हणजेच तो लुकलुकाट असेल, तो काढला तर फिल्मच उरत नसेल, तर तिला टीव्हीवर नेऊ नका. तिची जागा अंधाऱ्या प्रेक्षागृहात आहे.

शांतता आणि अंधार

प्रसारण कक्षात आवाज किंवा चित्र गेल्याचं ओळखणारी यंत्रणा असते. तुमच्या फिल्ममध्ये २० सेकंद काळा पडदा आणि निःशब्दता असेल तर ती बिघाड समजली जाऊ शकते. सोबतच्या तांत्रिक पत्रकात टाइमकोडसह, म्हणजे फिल्ममधली नेमकी वेळ देऊन, लिहून द्या: इथपासून इथपर्यंत चित्र आणि आवाज हेतुपुरस्सर नाही. मूकपट असेल तर तेही पहिल्या ओळीत लिहा.

आवाजाची दुसरी गोष्ट म्हणजे पातळी. युरोपातल्या वाहिन्या ईबीयू या युरोपीय प्रसारण संघटनेच्या आर-१२८ या शिफारशीप्रमाणे संपूर्ण फिल्मची सरासरी उणे २३ एलयूएफएस (आवाजाचा मोठेपणा मोजायचं एकक) मागतात. थिएटरसाठी केलेला मिक्स (सगळ्या आवाजांची अंतिम जुळणी) नुसता तेवढ्यावर आणून ठेवला तर मोठे आवाज ठीक लागतात आणि कुजबुज नाहीशी होते. घरात फ्रीज चालू असतो, रस्त्यावरून गाड्या जात असतात. टीव्हीसाठी वेगळा मिक्स करून घ्या, आणि तो स्टुडिओच्या मोठ्या स्पीकरवर न ऐकता साध्या टीव्हीवर, कमी आवाजात ऐका.

२४ की २५?

सिनेमाचा वेग म्हणून सेकंदाला २४ फ्रेम्सवर शूट करायची सवय लागलेली असते. भारत, युरोप, ऑस्ट्रेलिया, तिन्हीकडचं प्रसारण २५ वर चालतं. २४ ची फिल्म सरळ २५ ने पळवली की दहा मिनिटांची फिल्म ९ मिनिटं ३६ सेकंदांची होते आणि आवाजाची पट्टी किंचित चढते. गोष्ट सांगणाऱ्या फिल्ममध्ये हे कोणाच्या लक्षात येणार नाही. पण तालावर बांधलेल्या, श्वासाच्या लयीवर कट केलेल्या फिल्मचं त्याने नुकसान होतं. टीव्ही डोळ्यासमोर असेल तर पहिल्या दिवसापासून २५ वरच शूट करा. आपली वीज ५० हर्ट्झची असल्याने ट्यूबलाइटखाली कॅमेऱ्याचं शटर १/५० सेकंदावर ठेवलं की चित्रही थरथरत नाही.

सुपर-८ या ८ मिमीच्या फिल्मवर काम करणाऱ्यांची अडचण निराळी. ती फिल्म बहुधा १८ फ्रेम्सने चालते, म्हणजे २५ पर्यंत जाण्यासाठी दर सेकंदाला सात फ्रेम्स जादा घालाव्या लागतात. कुठल्या फ्रेम्स दोनदा दाखवायच्या हे लॅबच्या मशिनवर सोडू नका, स्कॅन मूळ फ्रेम्समध्येच घ्या आणि हे काम टाइमलाइनवर स्वतः करा. फ्रेम्स मिसळून केलेलं रूपांतर हालचालीवर धूसर सावल्या टाकतं.

दाणेदार चित्र प्रसारणात ठोकळ्याठोकळ्यांचं होतं, म्हणून निदान मास्टर तरी फार दाबलेला (कॉम्प्रेस केलेला) देऊ नका: प्रोरेस ४२२ एचक्यू हा कमी दाबलेला फाइल-प्रकार मागतात तो याचसाठी. चित्र ४:३ मध्ये असेल तर ‘बाजूच्या काळ्या पट्ट्या मूळच्या आहेत, झूम करू नये’ हे लिहून द्या. न लिहिल्यास माणसांची डोकी कापली जातात.

सबटायटल चित्रात भाजून देणं

इंग्रजी सबटायटल कायमची चिकटवलेली प्रत महोत्सवांना चालते. आर्तेला फ्रेंच आणि जर्मन करायचं असतं. तुमच्या इंग्रजी ओळीवर त्यांची ओळ बसली की खालचा तिसरा हिस्सा अक्षरांनी भरतो. त्यामुळे तीन गोष्टी वेगळ्या ठेवा: सबटायटलविना स्वच्छ मास्टर, इंग्रजी सबटायटलची फाइल, आणि टाइमकोडसह मराठी संवादांची पूर्ण यादी. त्या यादीत कोण कोणाला काय नात्याने बोलतंय ते लिहा. अनुवादकाला ‘अहो’ आणि ‘अरे’ मधलं अंतर कळायला दुसरा मार्ग नाही. पडद्यावर मराठी पाट्या, पत्रं, फोनवरचे मेसेज असतील तर तेही यादीत घ्या.

श्रेयनामावली आटोपशीर ठेवा. आठ मिनिटांच्या फिल्मला दोन मिनिटांची नावं असतील तर वाहिनी ती कापायला सांगेल.

तपासणीत नापास झाल्यावर

घाबरून संपूर्ण फिल्म पुन्हा एक्स्पोर्ट करू नका. अहवालात टाइमकोड आणि दोष दिलेला असतो. तेवढीच जागा दुरुस्त करा, बाकी टाइमलाइनला हात लावू नका, फाइलच्या नावात नवा आवृत्ती क्रमांक घाला आणि काय बदललं ते मेलमध्ये ओळीने लिहा. एखादा दोष तुमचा हेतू असेल, उदाहरणार्थ ओव्हरएक्स्पोज झालेला शॉट किंवा मुद्दाम फाटलेला आवाज, तर तसं स्पष्ट कळवा. अहवाल करणारा तंत्रज्ञ फिल्म निवडणारा नसतो. कार्यक्रमाच्या संपादकालाही मेलची प्रत पाठवलीत तर असे शॉट बहुतेकदा तसेच राहतात.