परीक्षानळीतल्या द्रावणात कोणता धातू आहे, हे ओळखायचं कसं?

‘रंगांचा तक्ता पाठ करा, झालं काम,’ असा सल्ला १२वीच्या प्रॅक्टिकलआधी सर्रास दिला जातो. तो ऐकू नका. हिरवं द्रावण निकेलचं असू शकतं, क्रोमियमचंही. फेरसचं (लोहाच्या Fe²⁺ रूपाचं) फिकट हिरवं तर थोडं विरल झालं की जवळपास रंगहीनच दिसतं. द्रावणाच्या रंगावरून फक्त अंदाज बांधायचा. खरी ओळख पटते ती अवक्षेपावरून (दुसरं रसायन घातल्यावर द्रावणात तयार होणाऱ्या, न विरघळणाऱ्या घन पदार्थावरून), आणि त्याहून जास्त तो अवक्षेप पुढे कसा वागतो यावरून.

दोन नळ्यांत प्रत्येकी १ मिलिलिटर द्रावण घ्या. एकीत सौम्य सोडियम हायड्रॉक्साइड घालायचं, दुसरीत सौम्य अमोनिया.

सगळी गोम या घालण्यात आहे. एक थेंब टाका, नळी हलवा, मागे पांढरा कागद धरून बघा, मगच पुढचा थेंब. मलाही हीच पायरी सर्वांत जड गेली होती. अमोनिया भसकन ओतला की तांब्याचा फिकट निळा अवक्षेप दिसायच्या आत विरघळतो आणि उरतं नुसतं गडद निळं द्रावण. निकेलचा हिरवा अवक्षेपही जास्त अमोनियात विरघळून निळं द्रावण देतो. मधला टप्पा निसटला की या दोघांत गफलत ठरलेलीच.

सॉल्ट, म्हणजे ओळखायचा क्षार, आम्लात विरघळवलं असेल तर पहिले थेंब ते आम्ल मारण्यातच खर्ची पडतात. काही दिसलं नाही म्हणून ‘अवक्षेप नाही’ असं लिहून मोकळं होऊ नका. लिटमसवर अल्कता दिसेपर्यंत घालत राहा. शिवाय आम्ल आणि अमोनियापासून अमोनियमचा क्षार बनतो आणि तो मँगनीज, निकेल यांचा अवक्षेप पडू देत नाही. म्हणून सॉल्ट पाण्यात विरघळत असेल तर आम्लाला हातच लावू नका.

आता ‘जास्त प्रमाणात’ म्हणजे किती? दोन थेंब नव्हे. मूळ द्रावणाच्या दुप्पट तरी घाला. जास्त सोडियम हायड्रॉक्साइडमध्ये क्रोमियमचा करडा-हिरवा अवक्षेप विरघळतो, निकेलचा पोपटी-हिरवा तसाच राहतो. फेरसचा मळकट हिरवाही विरघळत नाही, पण नळी काही मिनिटं ठेवली की हवा लागते त्या वरच्या कडेपासून तपकिरी व्हायला लागतो. मँगनीजचा पांढरट अवक्षेपही असाच तपकिरी पडतो. कोबाल्टचा निळा, गरम केला की गुलाबी. फेरिकचा (लोहाच्या Fe³⁺ रूपाचा) तांबूस-तपकिरी पहिल्यापासून तसाच.

पुढची खात्री सोपी आहे. तांब्याला पोटॅशियम फेरोसायनाइड: चॉकलेटी अवक्षेप. फेरिकला थायोसायनेट: रक्तासारखा लाल रंग. फेरससाठी मात्र पोटॅशियम फेरीसायनाइडच वापरा, गडद निळा अवक्षेप येतो. जुन्या फेरस द्रावणाचा काही भाग हवेने फेरिक झालेला असतो, त्यामुळे तेही थायोसायनेटने लाल होतं. द्रावण ताजंच करा. निकेलला अमोनिया घालून डायमिथाइलग्लायऑक्झाइम: लाल अवक्षेपच हवा, नुसतं लाल द्रावण फेरसही देतं. क्रोमियमच्या अल्कयुक्त हिरव्या द्रावणात हायड्रोजन पेरॉक्साइड घालून, नळीचं तोंड सगळ्यांपासून लांब धरून तापवा, पिवळं होतं.

क्रोमियम, निकेल, कोबाल्टच्या नळ्या सिंकमध्ये रिकाम्या करायच्या नाहीत. त्यांच्यासाठी वेगळी बाटली असते, ती मागून घ्या.