खुडूक कोंबडी पुन्हा अंडी द्यायला लागली

आमची तांबडी कोंबडी खुडूक बसली, म्हणजे अंडी देणं थांबवून उबवायला बसली, आणि उठायचं नावच घेईना. कोंबडा नाही, म्हणजे 21 दिवस उबवूनही पिल्लू निघणार नव्हतं. तरी रिकाम्या जागेवर पिसं फुलवून बसून राही. हात नेला की चोच मारायची. दिवसातून एकदा उठून चार दाणे टिपायची. तुरा फिका पडला, वजन घटलं. मला फार काळजी वाटायला लागली.

आधी तिला सारखं उचलून बाहेर ठेवलं. पाठ फिरली की परत आत. पाण्यात बुडवायचा सल्लाही मिळाला. तो क्रूर वाटला, केला नाही.

शेवटी जाळीच्या तळाचा पिंजरा विटांवर उंच ठेवला, सावलीत, बाकीच्या कोंबड्या दिसतील असा. आत गवत-भुसा काही नाही, फक्त दाणा-पाणी. खालून वारा लागतो आणि घरट्यासारखी उबदार जागा मिळत नाही, त्यामुळे खुडूकपणा हळूहळू उतरतो. रात्रीही तिथेच, दार मात्र पक्कं बांधून. तिसऱ्या दिवशी सोडली तर थेट खुराड्यात! आणखी दोन दिवस ठेवली. मग सोडल्यावर ती मातीत मनसोक्त लोळली.

साधारण दोन आठवड्यांनी तिनं अंडं दिलं. आता मी अंडी दिवसातून दोनदा उचलते, साठू देत नाही.