मोकळ्या हवेत जाताय? मग या चुका टाळा

"रोज बाहेर जातो, पण काही फरक पडत नाही." ही तक्रार मी इतक्यांदा ऐकली आहे की आता माझा पहिला प्रश्न ठरलेला असतो: बाहेर म्हणजे नेमकं कुठे, किती वाजता आणि किती वेळ? बहुतेकदा उत्तरातच गोम सापडते. माणूस घराबाहेर पडलेला असतो, पण डोक्यावर आकाश नसतं. उघड्या आकाशाखाली शरीराला जे मिळतं ते आडून, घाईघाईत किंवा आठवड्याचं एकदम घेता येत नाही. तरी लोक तेच करत राहतात.

काचेआडचं ऊन

ही चूक माझ्या सगळ्यात जास्त डोक्यात जाते. ओळखीतल्या एका काकांच्या रक्तात ड जीवनसत्त्व फार कमी निघालं. डॉक्टरांनी गोळ्या लिहून दिल्या आणि थोडं उन्हात बसायला सांगितलं. काकांनी ऊन मनावर घेतलं आणि गोळ्या परस्पर बंद केल्या. काही महिन्यांनी पुन्हा तपासणी केली, तर आकडा जिथल्या तिथे. "रोज तासभर उन्हात बसतो गं, आता आणखी काय करू?" काका अगदी हताश झाले होते.

एकदा सकाळीच त्यांच्याकडे गेले तेव्हा उलगडा झाला. गॅलरीत खुर्ची टाकलेली, अंगात पूर्ण बाह्यांचा स्वेटर, गळ्याला मफलर आणि वारा नको म्हणून सरकती काच घट्ट लावलेली. घड्याळात जेमतेम साडेसात वाजलेले. पायांवर छान कोवळं ऊन पडलं होतं, ऊबही लागत होती. पण ड जीवनसत्त्वासाठी त्या तासाचा काहीच उपयोग नव्हता.

कारण साधं आहे. त्वचेत ड जीवनसत्त्व तयार होतं ते उन्हातल्या अतिनील-बी किरणांमुळे, आणि खिडकीची साधी काच हे किरण जवळपास सगळे अडवते. अतिनील-ए मात्र बरेचसे आत येतात. म्हणजे काचेआड बसून त्वचा काळवंडते, सुरकुत्या पडतात, पण जे हवं ते मिळत नाही. शिवाय सूर्य खाली असताना किरणांना वातावरणातून लांबचा प्रवास करावा लागतो आणि अतिनील-बी वाटेतच शोषले जातात. याचा अंदाज घ्यायला मी सावली बघते. सावली आपल्या उंचीपेक्षा लांब असेल, तर ड जीवनसत्त्व फारसं तयार होत नाही. आखूड असेल तर होतं, पण तेव्हाच त्वचा भाजतेही. म्हणून ते ऊन थोडाच वेळ घ्यायचं, हात-पाय उघडे ठेवून, आणि त्वचा लाल व्हायच्या कितीतरी आधी सावलीत यायचं. सावळ्या त्वचेतलं मेलॅनिन हे रंगद्रव्य हे किरण अडवतं, त्यामुळे तिला जास्त वेळ लागतो. गोऱ्या माणसाची मिनिटं तिला लागू पडत नाहीत.

काकांनी खुर्ची गच्चीवर नेली, वेळ बदलली, बाह्या वर केल्या आणि डॉक्टरांना विचारून गोळ्या परत सुरू केल्या. पुढच्या तपासणीत आकडा वर सरकला. त्यातला किती गोळ्यांमुळे आणि किती उन्हामुळे हे कोणी सांगू शकत नाही. म्हणून पुन्हा सांगते, ऊन सुरू केलं म्हणून औषध आपल्या मनाने बंद करू नका.

मग सकाळचं कोवळं ऊन वाया जातं का? मुळीच नाही, त्याचं काम वेगळं आहे. डोळ्याच्या दृष्टिपटलात मेलॅनॉप्सिन हे उजेड टिपणारं रंगद्रव्य असलेल्या पेशी असतात. त्या उजेडाची वर्दी मेंदूतल्या घड्याळाला देतात आणि रात्री झोप कधी येणार हे त्यावर बरंचसं ठरतं. या कामाला लख्ख उजेड लागतो. घरातल्या दिव्यांचा उजेड साधारण 100 ते 500 लक्स (उजेड मोजायचं एकक) असतो, ढगाळ दिवशी बाहेर तो हजारांत जातो आणि भर उन्हात 1 लाखाच्या आसपास. डोळा जुळवून घेतो म्हणून हा फरक आपल्याला जाणवत नाही. "आज आभाळ आलंय, जाऊन काय करू?" म्हणणाऱ्यांनी हे आकडे नीट बघावेत. मी उठल्यावर चहाचा कप घेऊन थेट बाहेर जाते. त्या वेळी गॉगल लावत नाही, आणि सूर्याकडे टक लावूनही बघत नाही. सूर्याकडे एकटक बघायला सांगणारे व्हिडिओ फिरत असतात, त्यांच्या नादी लागू नका. दृष्टिपटलाला कायमची इजा होऊ शकते.

आठवड्याचं उट्टं रविवारी

2019 मध्ये इंग्लंडमधल्या सुमारे 20 हजार लोकांच्या माहितीवर आधारलेला एक अभ्यास आला. आठवड्यात निदान 120 मिनिटं निसर्गात घालवणाऱ्यांनी आपली तब्येत आणि समाधान चांगलं असल्याचं जास्त प्रमाणात सांगितलं, मग तो वेळ एकदम घालवलेला असो की तुकड्यातुकड्याने. लोकांनी त्यातलं "एकदम" तेवढं उचललं. मुळात ज्यांची तब्येत बरी तेच जास्त बाहेर पडतात, हीही शक्यता अशा पाहणीत उरते. आणि मेंदूतल्या घड्याळाला उजेड रोज लागतो, रविवारचा साठवून बुधवारी वापरता येत नाही.

आमच्या चालण्याच्या गटात एक तरुण आला. आठवडाभर एसीत बसणारा, पण पहिल्याच दिवशी सगळ्यात लांबचा, चढाचा रस्ता हवा. थोडं थोडं वाढव म्हटलं तर ऐकेना. दिवस तापू लागला तसं त्याचं डोकं दुखू लागलं, मग मळमळ आणि पोटऱ्यांत गोळे. त्याला सावलीत आडवं केलं, पाय उंच ठेवले, ओल्या कपड्याने अंग पुसलं आणि मीठ-साखरेचं पाणी घोटघोट पाजलं. तासाभरात तो सावरला. पण त्याच वेळी तो असंबद्ध बोलायला लागला असता किंवा अंग तापून शुद्ध हरपू लागली असती, तर तो उष्माघात ठरला असता. मग पाणी पाजत बसायचं नसतं. अंगावर पाणी ओतत, वारा घालत तातडीने रुग्णालय गाठायचं.

उन्हाला शरीर सरावतं, पण त्याला साधारण एक ते दोन आठवडे लागतात. त्या दिवसांत रोज थोडा वेळ वाढवायचा, याला दुसरा इलाज नाही. नवख्यांची ही घाई बघून मला खरोखर काळजी वाटते, कारण असा एक वाईट दिवस गेला की माणूस पुन्हा घरात बसतो. हा तरुणही नंतर आला नाही.

मुलांच्या चष्म्याबद्दलचा गैरसमज

"मैदानावर पाठवलं की नंबर जाईल," ही आशा सोडा. आलेला नंबर उतरत नाही. नंबर लागण्याची शक्यता मात्र कमी होते, आणि हे नीट तपासलेलं आहे. चीनमधल्या ग्वांगझू शहरात पहिलीच्या मुलांना शाळेत रोज 40 मिनिटं जादा बाहेर खेळवलं. 2015 मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, तीन वर्षांत त्यांच्यापैकी 30.4 टक्के मुलांना लघुदृष्टी (लांबचं धूसर दिसणं) आली, तर नेहमीचाच दिनक्रम असलेल्या मुलांत हे प्रमाण 39.5 टक्के होतं. लख्ख उजेडात दृष्टिपटलातलं डोपामिन हे रसायन वाढतं आणि त्यामुळे बुबुळामागे डोळा लांबट होत जाणं मंदावतं, असं मानलं जातं. तेव्हा चष्मा लागायची वाट न बघता मुलांना आधीपासून बाहेर सोडा. खेळ कुठला का असेना.

बाकीच्या चुका थोडक्यात.

वाहत्या रस्त्याच्या कडेने चालू नका. लंडनमध्ये साठीपुढच्या लोकांना दोन तास हाइड पार्कमध्ये आणि दोन तास ऑक्सफर्ड स्ट्रीटवर चालवून पाहिलं, तेव्हा बागेत फुप्फुसांना झालेला फायदा रहदारीत बराचसा नाहीसा झाला. आतली गल्ली लांब पडली तरी ती घ्या.

मोबाइल खिशात ठेवा. डोळे वीतभर अंतरावर खिळलेले असतील तर मनाला विसावा मिळत नाही.

पावलं मोजण्याचा अट्टहास नको. झाडाखाली नुसतं बसणंही चालतं.

ड जीवनसत्त्वासाठीची ती थोडी मिनिटं सोडली, तर अतिनील निर्देशांक (अतिनील किरणांची तीव्रता सांगणारा आकडा) 3 किंवा त्याहून जास्त असताना टोपी, पूर्ण बाह्या आणि सनस्क्रीन हवं. दर दोन तासांनी पुन्हा लावा.

आणि हे सगळं नीट करूनही दोन-तीन आठवड्यांत झोप सुधारली नाही, तर आधी रात्रीचा उजेड बघा. झोपायच्या आधीचे दोन तास घरातले मोठे दिवे आणि मोबाइल-टीव्हीचे पडदे चालू असतील, तर सकाळची मेहनत तिथेच संपते. तेही सांभाळलं आणि तरी थकवा जात नाही, जोरात घोरणं आहे, दिवसा डुलक्या येतात किंवा कशातच मन लागत नाही, तर उन्हाची वेळ वाढवत बसू नका. डॉक्टरकडे जाऊन रक्ताची आणि गरज पडल्यास झोपेची तपासणी करून घ्या.