दोन पद्धतींची तुलना लिहायची कशी

माझं काम तुलना लिहून देण्याचं. एखाद्या समितीपुढे दोन-तीन पर्याय असतात, तज्ज्ञांनी गठ्ठाभर कागद दिलेले असतात, आणि त्यातून निर्णय घेता येईल असं चार-पाच पानांचं टिपण मी करून देते. विषय दर वेळी नवा. कधी उपचारपद्धती, कधी संगणकप्रणाली, कधी वीज वाहून नेण्याचं तंत्र. एकाही विषयातली मी तज्ज्ञ नाही. पण इतक्या क्षेत्रांतली भांडणं वाचल्यावर दिसतं, की तुलना बहुतेक ठिकाणी सारखीच फसते: डावीकडे सहा फायदे, उजवीकडे सहा तोटे, आणि खाली ‘दोन्ही पद्धती आपापल्या जागी योग्य आहेत’. हे शेवटचं वाक्य खरं असतं, म्हणून तर ते जास्त तापदायक. कोणाची जागा कोणती, एवढंच समितीला हवं असतं आणि नेमकं तेवढंच त्यात नसतं.

तक्त्याआधी प्रश्न

‘कोणती पद्धत चांगली?’ असा प्रश्न आला तर मी तो परत पाठवते. कोणासाठी, कोणत्या परिस्थितीत, किती काळासाठी आणि कशाच्या तुलनेत, हे एका वाक्यात बसवून मागते. ते वाक्य जमलं की निम्मे मुद्दे आपोआप गळतात. यातलं ‘कशाच्या तुलनेत’ हे सर्वांत जास्त विसरलं जातं. आज जे चाललंय तेच चालू ठेवणं हाही पर्यायच आहे. तो कागदावर नसला, की नव्या पद्धतीची तुलना कुठेच अस्तित्वात नसलेल्या निर्दोष अवस्थेशी होत राहते आणि ती बिचारी हरते. ब्रिटिश अभियंता स्टुअर्ट प्यू यांच्या तक्त्यात यावर साधी सोय आहे. एक पर्याय पाया धरायचा आणि बाकीचे प्रत्येक निकषावर त्याच्याहून सरस, कमी की तेवढेच, एवढंच लिहायचं. मी सहसा चालू पद्धत पाया धरते.

परिस्थिती किती फरक पाडते ते पोलिओच्या लशींवरून कळेल. जोनास साल्क यांची टोचून द्यायची, मारलेल्या विषाणूची लस १९५५ साली वापरात आली. अल्बर्ट सेबिन यांची तोंडावाटे द्यायची, जिवंत पण दुबळ्या केलेल्या विषाणूची लस साठच्या दशकाच्या सुरुवातीला. थेंब स्वस्त, सुई नको, थोड्या प्रशिक्षणावर कोणीही पाजू शकतं, आणि आतड्यातच प्रतिकारशक्ती तयार होत असल्याने विषाणूचा फैलाव तुटतो. तोटा मोठा एकच: लसीकरण अपुरं असलेल्या वस्तीत तो दुबळा विषाणू माणसामाणसांत फिरत राहिला, तर क्वचित पालटतो आणि पुन्हा लुळेपणा आणू शकतो. टोचायच्या लशीत हा धोका नाही, पण आतड्यातला फैलाव ती तितका रोखत नाही.

मूळ विषाणू मोकाट असताना थेंबांचा हा तोटा फायद्यापुढे किरकोळ ठरतो. मूळ विषाणू नाहीसा झाला, की तोच तोटा तक्त्यातली सर्वांत जड नोंद होतो. मुद्दे तेच राहतात, त्यांचं वजन बदलतं.

या गोष्टीचा पुढचा भाग मला जास्त कामाचा वाटतो. पोलिओच्या विषाणूचे तीन प्रकार आहेत. त्यातल्या प्रकार २ चा मूळ विषाणू संपल्याचं २०१५ मध्ये जाहीर झालं आणि एप्रिल २०१६ मध्ये जगभरात तोंडावाटेच्या लशीतून तो प्रकार काढून टाकण्यात आला. तर्क सरळ होता. तरी त्यानंतर प्रकार २ च्या लसजन्य साथी वाढल्या. बदलाआधी अनेक भागांत त्या प्रकाराविरुद्ध पुरेशी प्रतिकारशक्ती उभीच राहिली नव्हती. म्हणून ‘अ’ आणि ‘ब’ यांच्या शेजारी मी एक तिसरा रकाना ठेवते: ‘अ’ सोडून ‘ब’ कडे जाताना मधल्या काळात काय होईल. संगणकप्रणाली बदलतानाही हाच रकाना लागतो. नव्या प्रणालीचे गुण सगळे सांगतात, जुनी माहिती तिच्यात कशी उतरवायची हे विचारलं की खोलीत शांतता पसरते.

आकडा दिसला की त्याची फोड करा

कागदांत यशाचं प्रमाण दिलेलं असतं आणि समितीची नजर तिथेच खिळते. अशा वेळी मी मूत्रखड्यांच्या उपचारांवरचा १९८६ सालचा एक ब्रिटिश अभ्यास दाखवते. मोठा छेद घेऊन केलेली उघडी शस्त्रक्रिया ३५० रुग्णांपैकी २७३ जणांत यशस्वी झाली, म्हणजे ७८ टक्के. त्वचेतून छोट्या छेदावाटे खडा काढण्याची नवी पद्धत ३५० पैकी २८९ जणांत, म्हणजे ८३ टक्के. इथे कोणीही नव्या पद्धतीवर खूण करून मोकळा होईल.

आता रुग्णांचे दोन गट करा. छोटे खडे असलेल्यांत उघडी शस्त्रक्रिया ८७ पैकी ८१ जणांत यशस्वी, ९३ टक्के. नवी पद्धत २७० पैकी २३४, ८७ टक्के. मोठ्या खड्यांत उघडी शस्त्रक्रिया २६३ पैकी १९२, ७३ टक्के. नवी पद्धत ८० पैकी ५५, ६९ टक्के. दोन्ही गटांत उघडी शस्त्रक्रिया पुढे आहे आणि बेरजेत मात्र मागे.

चूक गणितात नाही. रुग्ण कोणाच्या वाट्याला कसे आले ते बघा: अवघड, मोठे खडे बहुतांशी उघड्या शस्त्रक्रियेकडे गेले आणि सोपे, छोटे खडे नव्या पद्धतीकडे. सोपी प्रकरणं जिच्याकडे जास्त, तिची एकूण टक्केवारी फुगते. मात्र यावरून ‘उघडी शस्त्रक्रियाच करा’ असंही निघत नाही. ‘यश’ या एका शब्दात छेदाचा आकार, बरं व्हायला लागणारा काळ आणि वेदना बसलेल्या नाहीत. रुग्णाला त्याही मोजायच्या असतात.

तेव्हा कोणत्याही क्षेत्रातला यशाचा आकडा हाती आला, की आधी विचारायचं: हे काम या पद्धतीकडे कोणी आणि काय बघून दिलं? नामवंत शाळेचा निकाल असो, महागड्या सल्लागाराची कामगिरी असो, नव्या यंत्राचे बंद पडण्याचे तास असोत, प्रश्न हाच. उत्तर मिळत नसेल तर आकडा टिपणात द्या, पण निर्णय त्यावर टेकवू नका.

दुसरी खातरजमा: मोजलंय ते आणि हवंय ते एकच आहे का? हृदयविकाराच्या झटक्यानंतर हृदयाचे अनियमित ठोके दिसणाऱ्यांना मृत्यूचा धोका जास्त असतो, म्हणून ते ठोके दाबणारी औषधं दिली जात. मोठी चाचणी झाली आणि १९८९ मध्ये कळलं, की एन्केनाइड आणि फ्लेकेनाइड ही औषधं ठोके दाबत होती, पण ती घेणाऱ्यांत मृत्यू जास्त होत होते. फायद्याच्या रकान्यात ‘ठोके नियमित होतात’ हे अगदी खरं होतं. रुग्णाला हवं होतं जगणं.

तोट्यांच्या जाती

सगळे तोटे एका रकान्यात कोंबले की त्यांच्यातला सर्वांत महत्त्वाचा फरक पुसला जातो. काही तोटे सरावाने, पैशाने किंवा वेळेने कमी होतात. काही कशानेच हटत नाहीत.

चंद्रावर माणूस कसा उतरवायचा यावर १९६१-६२ मध्ये नासात झालेला वाद याचा नमुना आहे. तीन मार्ग होते. एकच प्रचंड यान थेट चंद्रावर उतरवून तेच परत आणायचं. पृथ्वीच्या कक्षेत भाग जोडून मग निघायचं. किंवा मुख्य यान चंद्राभोवती फिरत ठेवून फक्त एक छोटं यान खाली पाठवायचं आणि परतताना दोन्ही चंद्राच्या कक्षेत जोडायची. तिसऱ्या मार्गाचा पाठपुरावा जॉन हुबोल्ट हे अभियंते करत होते आणि सुरुवातीला त्यांचं फारसं कोणी ऐकत नव्हतं. विरोधकांचा मुद्दा बिनतोड होता. तोवर अंतराळात दोन यानं कधीच जोडली गेली नव्हती, आणि पहिली मोठी परीक्षा पृथ्वीपासून पावणेचार लाख किलोमीटरवर, जिथे मदत पोचणारच नाही?

पण थेट उतरण्याचा तोटा वजनाचा होता. परतीचं सगळं इंधन आणि सामान चंद्राच्या पृष्ठभागावर उतरवायचं आणि पुन्हा उचलायचं, तर त्यासाठी लागणारं रॉकेट हाताशी नव्हतं आणि दशकाच्या आत होण्याची चिन्हंही नव्हती. याउलट जोडणीचा सराव पृथ्वीजवळच करता येणार होता. पृथ्वीच्या कक्षेतल्या जोडणीची बाजू घेणाऱ्या रॉकेटतज्ज्ञ वेर्नर फॉन ब्राउन यांनी जून १९६२ मध्ये हुबोल्ट यांच्या मार्गाला पाठिंबा दिला आणि जुलैमध्ये निर्णय जाहीर झाला. पहिली जोडणी जेमिनी ८ या यानाने मार्च १९६६ मध्ये केली, अर्थात पृथ्वीच्याच कक्षेत.

म्हणून प्रत्येक तोट्यापुढे मी एक खूण करते: हटणारा की न हटणारा. हटणारा असेल तर कशाने, किती दिवसांत, आणि तो कमी झाला हे कळणार कसं, तेही लिहिते. ‘भीतीदायक’ आणि ‘न हटणारा’ यांत लोक फार गल्लत करतात. हुबोल्ट यांच्या मार्गातला तोटा भीतीदायक होता.

गुण देण्याबद्दल

प्रत्येक निकषाला भारांक (म्हणजे त्याला किती महत्त्व, याचा आकडा), प्रत्येक पर्यायाला गुण, शेवटी बेरीज: ७.४ विरुद्ध ७.१. हा तक्ता समित्यांना फार आवडतो, मला नाही. एकतर त्यात एकच गोष्ट तीन नावांनी शिरते. ‘खर्च कमी’, ‘देखभाल सोपी’ आणि ‘मनुष्यबळ कमी लागतं’ हे पुष्कळदा एकाच फायद्याचे तीन अवतार असतात. आणि दुसरं, गुण आधी ठरलेल्या उत्तराकडे हळूच सरकवता येतात.

तक्ता करावाच लागला तर भारांक थोडे इकडेतिकडे करून बघा. पहिला क्रमांक बदलत नसेल तर छानच, पुढे चला. बदलत असेल, तर भांडण पर्यायांचं नसून कशाला किती महत्त्व द्यायचं याचं आहे. ते समितीनेच मिटवायचं असतं. टिपण लिहिणाऱ्याने ते दशांश चिन्हाआड लपवू नये.

मला बेंजामिन फ्रँकलिन यांची रीत बरी वाटते. एक नोकरी घ्यावी की नाही या पेचात पडलेले त्यांचे मित्र जोसेफ प्रीस्टली यांना त्यांनी १९ सप्टेंबर १७७२ च्या पत्रात ती कळवली. कागदाचे दोन भाग करायचे, तीन-चार दिवस सुचतील तशी दोन्ही बाजूंची कारणं टिपायची, आणि मग समान वजनाची कारणं समोरासमोर खोडत जायची. इकडचं एक तिकडच्या दोघांएवढं असेल तर तिन्ही खोडायची. बेरजेपेक्षा ही खोडाखोड प्रामाणिक आहे, कारण प्रत्येक वेळी ‘हे त्याच्याएवढं आहे’ असं उघडपणे म्हणावं लागतं. शेवटी जे दोन-तीन मुद्दे उरतात त्यांवर टिपणाची तीन पानं खर्च करा. खोडलेले मुद्दे परिशिष्टात जाऊ देत.

आणि हे सगळं करण्याआधी ज्या पर्यायात एखादी अनिवार्य अट पुरीच होत नाही तो काढून टाका. त्याला गुण देत बसणं म्हणजे वेळ घालवणं.

मधला मार्ग

बैठक लांबली की कोणीतरी म्हणतंच, दोन्हींचा मेळ घालू. कधीकधी ते खरंच उत्तर असतं. टिम पीटर्स यांनी २००२ मध्ये पायथन या संगणकभाषेसाठी यादी क्रमाने लावण्याची जी पद्धत लिहिली ती अशीच मिश्र आहे. क्रम लावण्याच्या दोन जुन्या रीतींपैकी इन्सर्शन सॉर्ट छोट्या तुकड्यांवर चपळ, पण मोठ्या विस्कळीत यादीवर रखडते; मर्ज सॉर्ट मोठ्या यादीवर भरवशाची, पण जास्तीची मेमरी मागते. त्यांनी छोटे तुकडे पहिलीला दिले आणि तुकडे जोडण्याचं काम दुसरीला. कामाची हद्द अशी आखता आली तरच मिश्रण स्वीकारा. ‘थोडं हे, थोडं ते’ असेल तर दोन्हींचे खर्च पदरात पडतात आणि फायदे अर्धे.

पक्षकारांना काय विचारायचं

प्रत्येक पद्धतीची बाजू तिच्या समर्थकाकडूनच लिहून घ्या, आणि तो मजकूर विरोधकाला दाखवून ‘यात काही खोटं आहे का?’ एवढंच विचारा. ‘पटलं का?’ असं विचारलंत तर निबंध येतो. मग समर्थकाला माझा आवडता प्रश्न: तुमची पद्धत तुम्ही स्वतः कधी वापरणार नाही? चांगला शल्यचिकित्सक, चांगला प्रोग्रामर, चांगला स्थापत्य अभियंता याचं उत्तर चटकन देतो, बहुधा दोन-तीन उदाहरणांसह. ज्याला एकही प्रसंग सुचत नाही त्याच्या कागदाचं वजन मी कमी धरते. कोणाची जागा कोणती, याचं निम्मं उत्तर या एका प्रश्नातच मिळतं.

निर्णय कशावर टेकलाय ते लिहा

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस वीज एकदिश प्रवाहाने (डीसी) वाहून न्यायची की प्रत्यावर्ती (एसी), या वादात एडिसन यांचा एकदिश प्रवाह हरला. कारण मुख्यतः एकच होतं: ट्रान्सफॉर्मरने प्रत्यावर्ती प्रवाहाचा दाब (व्होल्टेज) सहज वाढवता-उतरवता येई, त्यामुळे लांबवर नेताना वीज कमी वाया जाई. एकदिश प्रवाहाला तशी सोय नव्हती. पुढे उच्चदाबाचं रूपांतर करणारी साधनं आली आणि १९५४ मध्ये स्वीडनच्या मुख्य भूमीपासून गॉटलंड बेटापर्यंत समुद्राखालून सुमारे १०० किलोमीटरची वाहिनी टाकली गेली, तीही एकदिश. एवढ्या लांबीच्या समुद्राखालच्या केबलमध्ये प्रत्यावर्ती प्रवाहाची बरीचशी क्षमता केबल भारित करण्यातच खर्ची पडते. आधीचा निर्णय चूक नव्हता. तो ज्या अटीवर उभा होता ती बदलली होती.

त्यामुळे टिपणाच्या शेवटी मी शिफारशीखाली तीन ओळी जोडते: हा निर्णय कोणत्या दोन-तीन गोष्टींवर टेकलेला आहे, त्यातली कोणती बदलली तर तो पुन्हा उघडायचा, आणि त्या बदलावर लक्ष ठेवण्याचं काम कोणत्या पदाकडे आहे.