जुन्या जीपला डिझेल इंजिन बसवताय? मागच्या एक्सलच्या या चुका टाळा

महिन्यातून एखादी जीप तरी टोचन करून माझ्या दारात येतेच. हाय बॉनेट असो नाहीतर लो बॉनेट, कहाणी एकच. मूळचं पेट्रोल इंजिन दमलं म्हणून कुठल्यातरी पिकअपचं डिझेल बसवलेलं असतं, आणि मागचा एक्सल 'मिळाला तो'. इंजिन निवडायला लोक सहा महिने घालवतात, दहा जणांना विचारतात. एक्सल मात्र अर्ध्या तासात, भंगारवाल्याच्या शब्दावर घेऊन मोकळे होतात. इंजिनाचा सगळा जोर शेवटी एक्सलच्या त्या हौसिंगमधूनच, म्हणजे त्याच्या लोखंडी कवचातूनच, रस्त्यावर उतरतो, हे त्या घाईत कुणाच्या मनात येत नाही.

सगळ्यात जास्त घोळ रेशोचा, म्हणजे चाक एकदा फिरायला इंजिनाकडून येणारा शाफ्ट किती वेळा फिरतो त्या आकड्याचा. सीजे-३बी जीपला (हाय बॉनेट) क्राउन-पिनियन, म्हणजे एक्सलमधली दातेरी चाकांची जोडी, ५.३८चं असतं, म्हणजे क्राउनला ४३ दात आणि पिनियनला ८. दुसऱ्या महायुद्धातल्या विलीजला (लो बॉनेट) ४.८८ होतं, ३९ आणि ८. सीजे-३बीचं मूळचं हरिकेन इंजिन २.२ लिटरचं, मिनिटाला ४००० फेऱ्यांपर्यंत हसत जाणारं, त्याला ५.३८ शोभतं. डिझेलचा जोर मात्र खालच्या फेऱ्यांत असतो. ६.००-१६ टायरवर, टॉप गिअर डायरेक्ट (म्हणजे १:१) धरला, तर ताशी ८० किलोमीटरला ५.३८वर इंजिन सुमारे ३२०० फेऱ्या मारतं. ४.८८वर २९००, आणि ४.२७वर २५००. जुन्या धाटणीचं डिझेल ३२०० फेऱ्यांवर तासभर पळवून बघा, कान आणि हेड गॅस्केट दोन्ही तक्रार करतील. म्हणून इंजिन खरेदी करायच्या आधीच वहीत हा हिशोब मांडा. इंजिन आणून मग एक्सल शोधायचा, हा क्रमच चुकीचा आहे.

हिशोब केला तरी पुढची चूक उभीच असते. चार वर्षांपूर्वी सांगलीकडच्या एका तरुणाने ५.३८ काढून ४.२७चं हौसिंग बसवलं, पण फक्त मागे. पुढचा एक्सल तसाच ठेवला. "पुढचा कुठं रोज लागतो," असं त्याला त्याच्या मिस्त्रीने सांगितलं होतं. टू-व्हीलमध्ये गाडी सुरेख पळायची. मग जुलैमध्ये ताम्हिणीत पाऊस लागला, रस्त्यावर माती आली आणि त्याने फोर-व्हील टाकलं. मातीवर टायर घसरले म्हणून काही कळलं नाही. पुढे स्वच्छ डांबर लागलं. मागची चाकं पुढच्यांपेक्षा पाव हिश्शाने जास्त फिरायला बघतात, डांबर त्यांना घसरू देत नाही, मग सगळा पीळ ट्रान्सफरमध्ये, म्हणजे पुढच्या-मागच्या एक्सलला जोर वाटणाऱ्या पेटीत, साठत जातो. त्याचा फोन आला तेव्हा गाडी जागेवर खिळली होती आणि दांडा फोर-व्हीलमधून निघत नव्हता. मी पोचलो, मागच्या चाकांना दगड लावले आणि पुढचं एक चाक जॅकवर घेतलं. टायर जमिनीवरून सुटला तसं ते चाक धाडकन अर्धा फेरा फिरलं. हात तिथे असता तर मनगट गेलं असतं. ट्रान्सफर खोलला तर आत तेलाच्या तळाशी इंटरमीजिएट गिअरचे दोन दात पडलेले होते.

पुढचा आणि मागचा रेशो एकच हवा. दोन्ही बदला, नाहीतर एकही बदलू नका. दोन्हींना पैसे पुरत नसतील तर थांबा, पुढच्या वर्षी करा. त्या तरुणाने जे वाचवले, त्याच्या तिप्पट ट्रान्सफरवर घातले.

रेशो ओळखायला मी कुणाच्या शब्दावर, टॅगवर किंवा रंगाने लिहिलेल्या आकड्यावर जात नाही. खिशात खडू असतो. गाडीवर मोजायचं तर पुढची चाकं अडवा, मागची दोन्ही उचलून स्टँडवर घ्या, गिअर न्यूट्रल, हँडब्रेक सोडलेला. एक चाक सोबत्याने घट्ट धरायचं, दुसरं बरोबर दोन फेरे फिरवायचं आणि प्रोपेलर शाफ्टवरची (ट्रान्सफरकडून एक्सलकडे जाणाऱ्या लांब दांड्यावरची) खडूची खूण किती वेळा फिरते ते मोजायचं. पाचच्या वर एक तृतीयांश आणि थोडं जास्त आलं तर ५.३८. पाचला थोडे कमी तर ४.८८. सव्वाचार तर ४.२७. भंगारात सुटा पडलेला एक्सलही असाच, पिनियनच्या फ्लँजवर खूण करून मोजता येतो. दोन मिनिटं लागतात. विकणारा मोजू देत नसेल तर तिथून निघा.

हँडब्रेकचं तर कुणीच विचारत नाही. जुन्या जीपचा हँडब्रेक चाकांवर नसतो, ट्रान्सफरच्या मागच्या तोंडाशी ड्रम असतो. तो प्रोपेलर शाफ्ट धरतो, आणि शाफ्टमार्गे चाकं. म्हणजे एका बाजूचा हाफ शाफ्ट (एक्सलच्या आतून चाक फिरवणारा दांडा) तुटला किंवा हबची चावी (हब शाफ्टवर धरून ठेवणारा लोखंडी तुकडा) कापली गेली, की हँडब्रेक ओढूनही जीप उतारावर धावते. डिझेलचा जोर लो रेंजच्या पहिल्या गिअरमध्ये आला की टेपर (टोकाकडे निमुळत्या) शाफ्टची ती बोटभर चावीच आधी जाते. चावी जायला बहुतेक वेळा हब सैल असणं कारण असतं. टेपर कोरडा आणि स्वच्छ हवा, ग्रीस अजिबात नको. नट २०० न्यूटन मीटरच्या वर आवळा, आणि स्प्लिट पिनचं भोक जुळत नसेल तर नट पुढे आवळून जुळवा, मागे सोडून कधीही नाही. हब काढायला पुलर वापरा. शाफ्टच्या टोकावर घण घालणाऱ्याला मी गाडीला हात लावू देत नाही. ट्रान्सफरही बदलत असाल, तर चाकांवर केबलचा हँडब्रेक असलेलाच एक्सल शोधा.

मूळ ट्रान्सफर ठेवत असाल तर हौसिंग उजवीकडे सरकलेलंच घ्या, कारण शाफ्ट उजवीकडूनच निघतो. चाकाचे पाच बोल्ट ५.५ इंची वर्तुळावर आहेत का, तेही तिथेच मोजा. क्राउन आणि पिनियन नेहमी जोडीनेच, एक जुनं एक नवं केलं की आवाज येणारच. स्पीडोमीटरची केबल ट्रान्सफरवरून येते, त्यामुळे ५.३८चं ४.२७ केलं की काटा ६० दाखवेल तेव्हा गाडी ७५वर असेल, आणि ब्रेकचे ड्रम तेच जुने ९ इंची. आधी ब्रेकचं काम करून घ्या.

कागदांचंही आधी बघा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२प्रमाणे बदलाची परवानगी लागते. शिवाय २०२१च्या नियमांत ५० वर्षांवरच्या गाडीला व्हिंटेज नोंदणी मिळते, पण इंजिनात मोठा फेरफार नसेल तरच. मूळ इंजिन शाबूत असलेली लो बॉनेट हातात असेल, तर माझं सांगणं आहे, ते इंजिनच बांधून घ्या.

पाट्यांच्या (स्प्रिंगच्या) बैठका हौसिंगवर वेल्ड करायच्या असतील तर आधी नुसते टाके मारा. गाडी चाकांवर, पूर्ण वजनानिशी उभी करा आणि पिनियनचं तोंड ट्रान्सफरच्या शाफ्टला समांतर आहे का ते कोनमापकाने बघा. मग इंच-इंच वेल्ड, एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे, मध्ये हात लावता येईल इतकं थंड होऊ द्यायचं. एका दमात वेल्ड ओढलं की हौसिंग वाकतं, सील गळतं आणि तेल ब्रेकच्या शूजवर येतं. पहिले ५० किलोमीटर झाले की थांबून हौसिंगला हात लावा. गरम असलं तर चालेल, पण हात ठेवता यायला हवा. यू-बोल्ट आणि हबचे नट तेव्हाच पुन्हा आवळायचे.